दुभंगलेल्या टाळूच्या मुलांचे बोलणे कानाने कसे तपासावे

ओठ व टाळू दुभंगलेल्या मुलाच्या केसपेपरवर ‘गेंगाणे बोलतो’ एवढाच शेरा अनेकदा वाचायला मिळतो. या एका शेऱ्याखाली चार-पाच निरनिराळे दोष असू शकतात. त्यांतील काहींवर शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो, तर काहींवर कितीही शस्त्रक्रिया केल्या तरी उपयोग होत नाही, तेथे स्पीच थेरपीच लागते. हे दोष एकमेकांपासून वेगळे करणे हे ऐकणाऱ्याचे मुख्य काम आहे. नेझोमीटर (नाकातील नाद मोजणारे यंत्र), नेझोएन्डोस्कोपी (नाकातून दुर्बीण घालून पाहणे), व्हिडिओफ्लुरोस्कोपी (बोलतानाचे क्ष-किरण चित्रण) या तपासण्या मोलाच्या आहेत. परंतु त्या मोठ्या केंद्रांतच होतात आणि कोणत्या मुलाला तेथे पाठवायचे, हे आधी कानानेच ठरवावे लागते. सांगली व सातारा जिल्ह्यांत नव्याने काम सुरू करणारे स्पीच थेरपिस्ट, इंटर्नशिपचे विद्यार्थी आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांतील डॉक्टर यांच्यासाठी ही पद्धत येथे क्रमाने मांडली आहे.

आधी यंत्रणा समजून घ्यावी

आपण म, न, ण यांव्यतिरिक्त कोणताही वर्ण उच्चारतो तेव्हा मृदू टाळू वर उचलली जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकते, बाजूच्या भिंती आत सरकतात आणि नाकाकडची वाट बंद होते (हीच टाळूची झडप). ही वाट नीट बंद झाली नाही तर दोन गोष्टी घडतात. स्वरांचा नाद नाकात घुमतो, ही हायपरनेझॅलिटी होय. आणि प, ट, स यांसारख्या व्यंजनांसाठी तोंडात साठायला हवी ती हवा नाकावाटे निसटते, हे नेझल इमिशन होय. पहिला दोष आवाजाच्या घुमण्याचा आहे, दुसरा हवेच्या गळतीचा. नवशिका या दोन्हींना एकच समजतो आणि पुढची सगळी तपासणी तेथेच चुकते. नाकातून हवा फसफसत असूनही स्वर स्वच्छ असणारी मुले असतात, तसेच हवेचा काहीच आवाज येत नाही पण सगळे बोलणे नाकात घुमते, अशीही असतात. मोठ्या छिद्रातून हवा बिनआवाज निघून जाते आणि छोट्या फटीतून ती खळखळत बाहेर पडते, म्हणून मोठा आवाज म्हणजे मोठा दोष असे समीकरण कधीही मांडू नये.

मूल बोलण्यापूर्वी

टाळू दुभंगलेल्या मुलांत मधल्या कानात पाणी साठण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून ऐकण्याची तपासणी झाली आहे का, हे प्रथम विचारावे. सर्दी आहे का, रात्री तोंड उघडे ठेवून झोपतो का, हेही विचारावे. कारण नाक चोंदलेले असेल किंवा अॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असतील तर खरी हायपरनेझॅलिटी झाकली जाते. भर सर्दीत घेतलेल्या नोंदीवर शस्त्रक्रियेचा निर्णय अवलंबून ठेवू नये.

माहिती विचारताना आई बहुधा मान खाली घालून बसलेली असते. ‘गरोदरपणी ग्रहणात काहीतरी चिरलं असेल’ हे सासरच्यांचे बोलणे तिने अनेक वेळा ऐकलेले असते. ‘ताई, ग्रहणाचा आणि याचा काही संबंध नाही, तुमच्याकडून काही चुकलेलं नाही,’ हे तिला स्पष्ट शब्दांत, आणि शक्य असेल तर आजींच्या समोरच सांगावे. हा तपासणीचाच भाग आहे असे मी मानते, कारण ज्या घरात दोष आईवर टाकला जातो तेथे मुलाला पुन्हा घेऊन येण्याचा उत्साहही उरत नाही.

जागा शांत असावी. पंखा बंद करावा. मोबाईल हातात न धरता स्टँडवर, मुलाच्या तोंडापासून साधारण एक फुटावर ठेवावा आणि शक्य असल्यास वेगळा माइक लावावा. आवाजातील गोंगाट आपोआप कमी करणारी सोय बंद ठेवावी, कारण ती नाकातील बारीक फुसफूसही गोंगाट समजून पुसून टाकते. चेहरा दिसेल असा व्हिडिओ घ्यावा आणि त्यासाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. पाटणच्या डोंगरातील वाडीवरून किंवा जतच्या पूर्व भागातून आलेल्या कुटुंबाला परतीची एसटी गाठायची असते, म्हणून रेकॉर्डिंग, तोंडाची पाहणी आणि समुपदेशन एकाच फेरीत उरकेल अशी तयारी आधी करून ठेवावी.

काय बोलायला लावावे

सुरुवात गप्पांनी करावी: घरी कोण कोण आहे, शाळेत काय शिकवलं, बैलपोळ्याला काय केलं. मोकळ्या बोलण्यात जे दोष दिसतात ते वाक्य म्हणवून घेताना लपू शकतात. त्यानंतर आकडे घ्यावेत. मराठीत ही सोय फार चांगली आहे. साठ, एकसष्ट, बासष्ट येथून अडुसष्टपर्यंत एकही नासिक्य व्यंजन नाही आणि स, ट हे तोंडात हवा दाबून काढायचे, म्हणजे दाबाचे वर्ण मात्र खच्चून भरलेले आहेत. एवढ्यात हवेची गळती असेल तर कळतेच. एकोणसत्तरपाशी थांबावे, कारण तेथे ण येतो. उलट नव्वदीतले आकडे, म्हणजे ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, हे ण्ण ने भरलेले असल्याने नाक चोंदल्याचा दोष, म्हणजे हायपोनेझॅलिटी, ऐकण्यास उपयोगी पडतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हे आकडे येत नाहीत. त्यांना आपण म्हणून दाखवावे आणि मागोमाग म्हणायला सांगावे.

मग वाक्ये. प्रत्येक वाक्यात एकच व्यंजन पुन्हा पुन्हा यावे आणि बाकीचे वर्ण र, ल, ळ, व, य, ह असे कमी दाबाचे असावेत. ‘बाई, बाळाला बोलवा.’ ‘ताई तूर तोलते.’ ‘दादा, दोरी द्या.’ ‘काकू, केळी काळी का?’ ‘ससा हसला, सई हसली.’ अशी वाक्ये मी वापरते. याच धर्तीवर ग, ट, च, श यांसाठी स्वतः तयार करावीत. च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत हे विसरू नये: ‘चाक’ आणि ‘चिमणी’, ‘जाळे’ आणि ‘जिलबी’ हे वेगवेगळे घ्यावेत. केवळ घुमणे ऐकायचे असेल तर दाबाचे व्यंजन अजिबात नसलेले वाक्य हवे: ‘हवा आली, ओली हवा आली.’ आणि नासिक्यांसाठी: ‘मीना, मामा आला ना?’

वाक्ये बनवताना लिपीवर नव्हे, उच्चारावर लक्ष ठेवावे. ‘केलं’, ‘गेलं’, ‘बरं’ यांवरील अनुस्वार बोलताना नाकातून येत नाही, पण ‘आंबा’, ‘पंखा’, ‘चिंच’ यांतला येतो. म किंवा न च्या शेजारचा स्वर कोणाच्याही तोंडी थोडासा नाकात जातोच. तो दोष म्हणून मोजू नये.

कोणत्या क्रमाने ऐकावे

एका वेळी एकच गोष्ट ऐकावी. हा नियम पाळणे सोपे वाटते, पण बहुतेक नवशिक्यांची नोंद येथेच बिघडते, कारण एक दोष ठळक असला की त्याची छाया बाकीच्यांवर पडते. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावावे आणि प्रत्येक वेळी एकाच निकषासाठी ऐकावे.

पहिल्यांदा स्वर. ‘ई’ आणि ‘ऊ’ लांबवून म्हणायला सांगावे, कारण जीभ वर असलेल्या स्वरांत हायपरनेझॅलिटी लवकर उमटते, तर ‘आ’ मध्ये ती उशिरा कळते. सौम्य पातळीवर केवळ ई-ऊ नाकात जातात. वाढत गेली की सगळे स्वर जातात. आणि ती तीव्र असेल तर ब, द यांसारखी घोष व्यंजनेही नासिक्य होऊन बसतात. मूल ‘बाबा आले’ म्हणते आणि आपल्याला ‘मामा आले’ ऐकू येते, ‘दादा’चा ‘नाना’ होतो. घरचे लोक संदर्भाने ओळखतात, शाळेतल्या बाई मात्र गोंधळतात. याच्या नेमके उलटे, म्हणजे ‘मामा’चा ‘बाबा’ आणि ‘नाना’चा ‘दादा’ झाला, तर ती हायपोनेझॅलिटी असते आणि मग नाक-घशाचा अडथळा शोधावा लागतो. दोन्ही दोष एकाच मुलात असू शकतात. तेव्हा ‘मिश्र’ असे लिहावे, सरासरी काढू नये.

दुसऱ्यांदा हवा. प, ट, क, स, श, च यांच्या वेळी नाकातून फुसफूस किंवा खळखळ येते का, ते ऐकावे. खात्रीसाठी छोटा आरसा किंवा स्टीलचा गार चमचा नाकपुडीखाली धरता येतो. बोलणे सुरू झाल्यावर तो धरावा आणि संपण्याआधी काढावा, नाहीतर साध्या श्वासाचीच वाफ त्यावर बसते. स्ट्रॉचे एक टोक मुलाच्या नाकपुडीपाशी आणि दुसरे आपल्या कानाशी धरले तर बारीक गळतीही ऐकू येते. स्ट्रॉ मात्र प्रत्येक मुलाला नवीन घ्यावी. मराठीतील ख, थ, फ, भ या महाप्राण वर्णांत हवा मुळातच जास्त सुटते, म्हणून त्यांतील गळती आणि अल्पप्राण वर्णांतील गळती निरनिराळी लिहावी.

हवा सर्व दाबाच्या वर्णांत जाते की ठरावीक वर्णांत, हे पाहणे फार आवश्यक आहे. केवळ स, श, च यांतच हवा नाकातून जाते आणि प, ट, क मात्र स्वच्छ येतात, असे आढळले तर टाळूची झडप काम करते आहे. मुलाने ते वर्ण नाकातून काढण्याची सवय लावून घेतली आहे. अशा मुलाला शस्त्रक्रियेसाठी पाठवू नये. प आणि त गळतात पण क चांगला येतो, असे असेल तर कठीण टाळूत पुढच्या बाजूला फिस्टुला, म्हणजे छिद्र, आहे का, ते बघावे. क छिद्राच्या मागेच तयार होतो, म्हणून तो वाचतो. दंतवैद्याकडून ते छिद्र तात्पुरते झाकून पुन्हा ऐकले, तर गळतीत फिस्टुलाचा वाटा किती, हे स्पष्ट होते.

तिसऱ्यांदा व्यंजनांची जागा. टाळू बंद होत नसताना बोलायला शिकलेले मूल हवा जेथे अडवता येते तेथे, म्हणजे गळ्यात, अडवते. यालाच ग्लॉटल स्टॉप म्हणतात. ‘काका’ म्हणताना क ऐकूच येत नाही. ‘आ’ तुटतो, गळ्यात एक ठोका बसतो आणि पुन्हा ‘आ’ सुरू होतो. ‘पोपट’ म्हणताना ओठ मिटलेले दिसतात, तरी आवाज गळ्यातूनच येतो. म्हणून येथे डोळ्यावर भरवसा ठेवता येत नाही. कित्येक शिक्षक अशा मुलाबद्दल ‘अक्षरं खातो’ असे सांगतात. अक्षर गेलेले नसते, ते खाली गळ्यात उतरलेले असते. स च्या जागी घशातून घासल्यासारखा आवाज आला तर तो फॅरिंजियल फ्रिकेटिव्ह. ‘ताई’ आणि ‘काई’ म्हणवून घेतल्यावर दोन्ही सारखेच ऐकू येत असतील तर जिभेचा मधला भाग टाळूला लागत असण्याची शक्यता असते. टाळू अरुंद असलेल्या मुलांत हे वरचेवर आढळते. पुढचे दात नसल्यामुळे किंवा वाकडे असल्यामुळे बिघडलेला स हा यांपैकी काहीच नव्हे. तो दातांचा प्रश्न आहे आणि तसाच लिहावा.

शेवटी आवाजाचा पोत. घोगरेपणा असेल तर त्याची नोंद करावी. झडपेची उणीव भरून काढताना स्वरयंत्रावर ताण येतो. काही मुले मुद्दामच हळू बोलतात, कारण हळू बोलल्याने नाकातले घुमणे कमी जाणवते. बोलताना नाकपुड्या आवळतात का, कपाळाला आठ्या पडतात का, हेही व्हिडिओत बघून घ्यावे.

नाक चिमटीत धरून पाहणे

या एका साध्या कृतीतून जेवढे कळते तेवढे अन्य कोणत्याही कृतीतून कळत नाही, म्हणून ती घाईने उरकू नये. मुलाला आधी स्वतःचे नाक धरायला सांगून खेळासारखे करावे, मग आपण हलकेच चिमटीत धरावे. ‘ईईई’ म्हणताना नाक आळीपाळीने धरावे आणि सोडावे: आवाज बदलला नाही तर स्वर तोंडातूनच येत होता, बदलला तर हायपरनेझॅलिटी आहे.

मग ‘पोपट’, ‘टाळी’, ‘ससा’ हे शब्द नाक उघडे आणि बंद अशा दोन्ही प्रकारे घ्यावेत. नाक बंद केल्यावर लुळा प ठसठशीत झाला, तर ओठ-जीभ योग्य जागी होती, हवा तेवढी मागून निसटत होती. हा रचनेचा दोष आहे, सर्जनकडे पाठवावे. नाक बंद केल्यावरही गळ्यातला ठोका तसाच राहिला, तर तो शिकलेला ग्लॉटल स्टॉप आहे आणि त्याला थेरपी हवी, मग झडप बंद होवो अथवा न होवो. नाक बंद करताच स पूर्णपणे थांबला, जणू मुलाला हवेची वाटच उरली नाही, तर तो स नाकातूनच काढला जात होता. येथे एक सावधगिरी बाळगावी: ही परीक्षा ‘बाबा’ या शब्दावर घेऊ नये. ‘बाबा’ऐवजी ‘मामा’ म्हणणाऱ्या मुलाचे नाक दाबले की ‘बाबा’ ऐकू येतो खरा, पण कोणाचेही नाक दाबून ‘मामा’ म्हणवले तरी तसेच ऐकू येते. प, ट, स यांसारख्या अघोष वर्णांवरच विसंबावे.

ज्या मुलाच्या बोलण्यात ग्लॉटल स्टॉपच भरलेले आहेत त्याची झडप बंद होऊ शकते की नाही, हे त्या घडीला सांगताच येत नाही, कारण गळ्यातच हवा अडवल्यावर टाळू उचलण्याचे कारणच उरत नाही. अशा वेळी आधी काही महिने थेरपी देऊन निदान दोन-तीन वर्ण तोंडात आणावेत आणि मग पुन्हा तपासावे.

फुंकर, फुगा, शंख किंवा शिट्टी वाजवता येते की नाही, यावरून बोलण्याच्या झडपेचा निष्कर्ष काढू नये. फुंकताना होणारी हालचाल आणि बोलताना होणारी हालचाल वेगळी असते. ‘रोज फुगे फुगवा, बोलणे सुधारेल’ हा सल्ला आपल्याकडे अजूनही सर्रास दिला जातो. त्यात मुलाची आणि आईची वर्षे फुकट जातात, हे पालकांना ठामपणे सांगायला हवे.

बोली म्हणजे दोष नव्हे

माण, खटाव, आटपाडीकडचे मूल ‘पानी’, ‘साळा’, ‘येळ’ म्हणत असेल तर ण, श, व यांच्यासमोर चुकीची खूण करण्याआधी त्याच्या आजींना तेच शब्द म्हणायला सांगावेत. घरात सगळेच तसे म्हणत असतील तर तो त्या घरचा उच्चार आहे आणि त्यात दुरुस्त करण्याजोगे काही नाही. जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी मुलेही येतात. रोजच्या कन्नड बोलण्यात महाप्राण वर्ण बहुधा हलके होतात, म्हणून ‘भात’चा ‘बात’ झाला तर लगेच दोष धरू नये आणि शक्य असल्यास मुलाला घरच्या भाषेतही ऐकावे. टाळूच्या दोषाची खूण अशी की तो कोणत्याही भाषेत त्याच प्रकारे आढळतो.

गुण कसे द्यावेत

सर्व भाषांत चालतील असे समान निकष २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मांडले, आणि तेच वापरावेत असे माझे मत आहे, कारण उद्या हे मूल मिरजेहून पुण्या-मुंबईला गेले तरी तेथील तज्ज्ञाला आपली नोंद वाचता आली पाहिजे. हायपरनेझॅलिटी, हायपोनेझॅलिटी, ऐकू येणारी हवेची गळती, व्यंजनांतील चुका, आवाजाचा दोष, आणि याखेरीज बोलणे कितपत समजते व ते ऐकणाऱ्याला कितपत स्वीकारार्ह वाटते, असे हे निकष आहेत. हायपरनेझॅलिटीसाठी ० ते ३ अशी श्रेणी पुरते: प्राकृत (सामान्य), सौम्य, मध्यम, तीव्र. सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढू नये.

समजण्याचा निकष आईच्या सांगण्यावरून भरू नये; तिला सगळेच समजते. शेजाऱ्यांना, दुकानदाराला, शाळेतल्या बाईंना समजते का, असे एकेक करून विचारावे.

दिवसभर तीव्र दोषाची मुले ऐकली की कान सैल होतो आणि मध्यम दोष सौम्य वाटू लागतो. म्हणून प्रत्येक पातळीचा एक-एक निवडक नमुना जवळ ठेवावा आणि गुण देण्यापूर्वी तो ऐकावा. ओठावरचा व्रण दिसला की ऐकणारा नकळत जास्त दोष धरतो, तेव्हा घुमण्याचे गुण स्क्रीन झाकून द्यावेत आणि व्यंजनांच्या जागेसाठीच व्हिडिओ पाहावा. शक्य तेथे दोघांनी स्वतंत्रपणे ऐकावे, आणि गुण जुळले नाहीत तर एकत्र बसून पुन्हा ऐकावे. आपलेच काही जुने रेकॉर्डिंग काही आठवड्यांनी आधीचे गुण न पाहता पुन्हा ऐकले, तर स्वतःच्या कानाचा भरवसाही तपासता येतो.

अहवाल

समजा, सहा वर्षांच्या एका मुलीची टाळूची शस्त्रक्रिया दीड वर्षाची असताना झाली आहे. तिच्या अहवालात असे लिहावे: ‘हायपरनेझॅलिटी २, सर्व स्वरांत. हायपोनेझॅलिटी ०. हवेची गळती सर्व अघोष दाबाच्या वर्णांत, वारंवार. प, त हे जागेवर पण कमजोर, नाक बंद केल्यावर स्पष्ट. क च्या जागी ग्लॉटल स्टॉप, नाक बंद करूनही तसाच. आवाज प्राकृत. घरच्यांना समजते, शाळेत निम्मेच समजते. फिस्टुला दिसत नाही. सर्दी नव्हती.’ एवढ्यावरून सर्जनला कळते की झडपेची नेझोएन्डोस्कोपी करायची आहे, आणि थेरपिस्टला कळते की क साठी काम आजपासूनच सुरू करायचे आहे.

टाळू दुभंगलेली नसतानाही एखादे मूल असेच बोलते, तेव्हा तोंडात डोकावून पडजीभ दोन फाटे झालेली आहे का आणि मृदू टाळूच्या मधोमध निळसर पट्टा दिसतो का, हे पाहावे. वरून शाबूत दिसणाऱ्या त्वचेखाली स्नायू दुभंगलेले असू शकतात. अशा मुलाचे अॅडिनॉइड काढण्याचा विचार चालू असेल तर तसे अहवालात ठळकपणे लिहावे, कारण ते काढल्यावर बोलणे आणखी नाकात जाऊ शकते.

बोलू न लागलेल्या बाळाबाबत आईला एवढेच विचारावे की बडबडताना प, ब, त, द असे वर्ण येतात की केवळ म, न, ह आणि स्वरच येतात. पुढची रेकॉर्डिंग तीन, पाच आणि दहा वर्षांच्या वयाला, त्याच वाक्यांवर आणि तेवढ्याच अंतरावर माइक ठेवून घ्यावीत. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांची फाईल केंद्रातच अडकून राहते आणि हंगाम संपताच मूल गावी परतते. त्यांच्या पालकांना अहवालाची प्रत आणि रेकॉर्डिंग त्यांच्याच मोबाईलवर त्याच दिवशी द्यावे, आणि बीडकडे परतल्यावर ते तेथील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवायला सांगावे.